वास्तव्य आहे

लोक घराबद्दल जितकं खोटं बोलतात तितकं लग्न जमवतानाही बोलत नसतील. सव्वीस वर्षं मी विमा कंपनीसाठी घरं तपासते आहे, म्हणून हे सांगायचा मला हक्क आहे. छप्पर गळत नाही म्हणतात आणि कोपऱ्यात बादली ठेवलेली असते. वायरिंग नवीन आहे म्हणतात आणि बटण दाबलं की ठिणगी उडते. "राहतं घर आहे हो, परवाच तर झोपलो होतो इथे," असं छातीठोकपणे सांगतात आणि न्हाणीघरातला साबण वाळून, तडकून पांढरा पडलेला असतो. म्हणून कुठल्याही घरात गेले की मी आधी साबणाला हात लावते आणि मग माणसांशी बोलते. ऑफिसात मला फूटपट्टी म्हणतात. माझ्या पाठीमागे म्हणतात, पण मला ऐकू येईल अशा बेताने म्हणतात.

आमचा जिल्हा धड शहर नाही, धड गाव नाही. मधून कालवा जातो. अलीकडे एकसारख्या बंगल्यांच्या रांगा, बंबात पाणी भरायला कोपऱ्याकोपऱ्यावर नळ, आणि आग लागली तर सात मिनिटांत बंब दारात. पलीकडे शेतं, गोठे, चाऱ्याच्या गंजी, लाकडाच्या चुली. तिथे बंब पोचायला चाळीस मिनिटं लागतात, तेही रस्त्यात गुरं आडवी आली नाहीत तर. म्हणून कंपनीचे नियमही कालव्याला धरून बदलतात. अलीकडचं घर सलग नव्वद दिवस रिकामं राहिलं तरी विमा चालू राहतो. पलीकडे फक्त तीस. एकतिसाव्या दिवशी घराला आग लागो, वारा लागो, कंपनी हात वर करते. रिकाम्या घरात काय घडतं ते बघायला कोणी नसतं, असं त्यामागचं कारण. नियम वाईट नाही. मी स्वतः तो शेकडो लोकांच्या तोंडावर मारला आहे.

ते घर कालव्याच्या पलीकडे जेमतेम चारशे पावलांवर होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे अंगण. वादळात निलगिरीची भलीमोठी फांदी स्वयंपाकघरावर पडली होती आणि छपराचा अर्धा भाग ओट्यावर येऊन बसला होता. मालकीण माझ्याआधीच येऊन थांबली होती. चाळिशीची, शाळेचे गणवेश शिवणारी बाई. बोटांना सुयांचे टोचे. घर तिच्या आईचं, आई गेल्यावर तिच्या नावावर झालेलं.

मी साबण पाहिला. खडूसारखा कोरडा होता.

"इथे शेवटचं कोण झोपलं होतं?" मी विचारलं.

"आईच. फांदी पडली त्या दिवशी तिला जाऊन एकोणचाळीस दिवस झाले होते."

"मधे कोणीच नाही? तू नाहीस? एखादी रात्रसुद्धा?"

"झाडायला यायचे, मॅडम. झोपणार कशी? नवरा अंथरुणाला खिळलाय. त्याला एकटं टाकून येता येत नाही."

एवढा सरळपणा बघून माझं डोकंच फिरलं. खोटं बोलणाऱ्यांशी कसं वागायचं ते मला पाठ आहे. खरं बोलणाऱ्यांपुढे मी गडबडते. "नियम वाचला नव्हतास का?" म्हणून मी तिच्यावर खेकसले. तिने मान खाली घातली. समोर गोठा असलेला दूधवाला राहतो, त्यालाही रीतसर विचारलं. त्याने सांगितलं, म्हातारी गेल्यापासून त्या घरात दिवा लागलेला नाही. झालं. कागद पुरा करायला एवढं पुष्कळ होतं.

फक्त तिची सही राहिली होती, कारण शेवटचं पान मी ऑफिसात विसरले होते. म्हणून दुपारी तिच्या भाड्याच्या जागेवर गेले. तिसरा मजला, लिफ्ट नाही, अठ्ठेचाळीस पायऱ्या. मी मोजल्या नाहीत, तिच्या नवऱ्याने सांगितल्या. तो क्रेन चालवायचा. पाठीच्या कण्याला मार लागल्यापासून कमरेखाली सगळं गेलेलं. खिडकीशी चाकाच्या खुर्चीत बसला होता आणि खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसत होती. महिनाअखेर ही जागा सोडायची होती. घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं होतं.

"तुम्ही घर बघितलंत ना?" त्याने विचारलं. "दाराला पायऱ्या किती? चालत होतो तेव्हा कधी मोजल्या नाहीत."

"एकच. चार बोटं उंच. फळी टाकली की खुर्ची जाईल."

"आणि अंगणात अजून ऊन येतं?"

"सकाळचं येतं. अंगण पूर्वेला आहे."

त्याने खिडकीबाहेरच्या भिंतीकडे पाहिलं. मग हसून म्हणाला, "दोन वर्षं झाली, ताई. अंगावर ऊन घेतलेलं नाही. दवाखान्यात नेतात ते चादरीत गुंडाळून, गाठोडं नेल्यासारखं." त्याची बायको तोपर्यंत सही करत होती. वाचूनही बघितलं नाही तिने.

संध्याकाळी घरी, जेवायच्या टेबलावर, मी आयुष्यातला पहिला खोटा अहवाल लिहिला.

वास्तव्य: आहे. कोणाचं: मालकिणीची दूरची मावशी. नावाच्या रकान्यात मनात आलं ते टाकलं. वय: बासष्ट. पण दूधवाला म्हणणार, कोणी दिसलं नाही. मग ही बाई बाहेर पडत नसणार. का पडत नाही? मी पेनाचं टोक चावलं आणि लिहिलं: डावा पाय अधू, काठीच्या आधाराने घरातल्या घरात चालते. आमच्या कागदात पुढे विचारलेलं असतं: आगीच्या वेळी स्वतः बाहेर पडू शकेल का? अधू पायाची बाई कशी पडेल? मी लिहिलं: नाही. मदत कोण करेल? हा रकाना मी रिकामाच सोडला. दाव्यांच्या कारकुनाला आम्ही शिक्का म्हणतो, कारण तो वाचत नाही, मारतो. त्याने मारला. खोटं इतकं सोपं असतं हे मला ठाऊक नव्हतं. उगाच इतकी वर्षं लोकांची खरडपट्टी काढली.

दावा मंजूर झाला. मी त्या बाईला काहीच सांगितलं नाही. कंपनीने सहानुभूतीने विचार केला, एवढंच म्हटलं. तिने फोनवर रडून घेतलं आणि मी मॅडमची ताई झाले. महिनाअखेरची मुदत घरमालकाने पंधरा दिवस वाढवून दिली, सुतार-गवंडी लागले, छप्पर झालं.

दुरुस्ती झाली की ती तपासायची असते. भर दुपारी किल्ली घेऊन मी एकटीच गेले. काम चांगलं होतं. नवीन पत्रे, नवीन वासे, ओट्यावर नवीन फरशी. खोलीत अजून भुश्शाचा पातळ थर होता. सवयीने न्हाणीघरात गेले आणि सवयीनेच साबणाला बोट लावलं.

साबण ओला होता. बोटाला फेस लागला.

गवंड्यांनी हात धुतले असतील, असं मी स्वतःला सांगितलं. पण गवंडी चार दिवसांपूर्वीच काम संपवून गेले होते. बाहेर येऊन जमिनीकडे नीट पाहिलं. भुश्शावर गोल ठसे होते, रुपयाएवढे, एकामागे एक. प्रत्येक ठशाच्या शेजारी एक लांब फरपट. न्हाणीघरापासून खाटेपर्यंत, खाटेपासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून परत. दाराजवळ ठशांची गर्दी झाली होती, पण उंबऱ्यापलीकडे एकही नव्हता. खाटेवरच्या जुन्या गादीला एकाच बाजूला खळगा पडला होता. मी तिथे तळहात टेकवला. गादी उबदार होती.

मी बाहेर येऊन त्या बाईला फोन लावला.

"तू कोणाला ठेवलंयस का इथे राहायला?"

"कोणाला ठेवणार, ताई? काय झालं?"

"काही नाही. काम चांगलं झालंय," मी म्हटलं.

गाडीत बसत होते, तेवढ्यात दूधवाला रस्ता ओलांडून आला. "मावशींना बरं नाही का?" त्याने विचारलं.

"कोण मावशी?"

"तुमच्या त्या घरातल्या. खिडकीत उभ्या असतात. मी दोनदा हाक मारली, दूध हवं का म्हणून. नुसत्या बघत राहिल्या. पाय फारच ओढतात हो. एकट्या ठेवू नये असं माणूस."

मावशी हा शब्द मी कागदावर लिहिला होता, आणि तो कागद कुलपातल्या कपाटात होता. ज्याने वाचायचा तो शिक्का वाचत नव्हता, आणि जिने सही केली तिनेही वाचला नव्हता.

मी काय करायला हवं होतं ते आता मला चांगलं कळतं. तेव्हा मी अहवालावर "दुरुस्ती समाधानकारक" असं लिहिलं आणि गप्प बसले. ती दोघं राहायला गेली.

आठव्या दिवशी ती ऑफिसात आली. डोळे खोल गेलेले. मी तिला जिन्यात नेलं, कारण आमच्याकडे भिंतींपेक्षा शिक्क्याचे कान मोठे आहेत.

"ताई, घरात कोणीतरी आहे," ती म्हणाली. "हसू नका."

"हसत नाहीये."

"तसं काही करत नाही ती. काठी वाजते, पाय घासत जातो, पाणी सांडल्याचा आवाज होतो. त्याची सवय झाली असती. पण गॅस पेटवला की..." तिने तोंडावर पदर धरला. "काडी ओढली की काठीचा आवाज धावत सुटतो. धावतच, ताई, पाय फरफटत. दारापर्यंत जातो आणि मग ती आतून दार ठोठावायला लागते. मी दार उघडते. तरी बाहेर जात नाही. उघड्या दाराच्या चौकटीवर काठी आपटत राहते, मी गॅस बंद करीपर्यंत. आठ दिवस आम्ही बिस्किटं आणि दूध-पोहे खाऊन आहोत."

"आणि तो काय म्हणतो?"

"तो म्हणतो, परत वर जाऊ. कुठे जाणार? ती जागा गेली. मला वाटलं घाबरला असेल. तर म्हणतो, मी तिला घाबरत नाही, मला ते ठोठावणं ऐकवत नाही. तिसऱ्या मजल्यावर असताना कुठून करपल्याचा वास आला की त्याच्याही मनात हेच यायचं. म्हणतो, ती कशासाठी ठोठावते ते मला माहीत आहे."

मी जिन्याच्या पायरीवर बसले. मग तिला सगळं सांगितलं. बासष्ट वर्षं, डावा पाय, काठी, आणि तो आगीचा प्रश्न. मला वाटलं होतं ती माझे आभार तरी मानेल, नाहीतर शिव्या तरी देईल. ती म्हणाली, "तुम्ही तिला एकटीच ठेवलंत तिथे? छप्पर पडलेल्या घरात?" आणि मला लाज वाटली. इतकी लाज मला माझ्या आईपुढेही कधी वाटली नव्हती.

शिक्क्याला मी वरवर विचारलं, राहणारं माणूस बदललं तर काय करायचं. त्याने खणातून एक चिठ्ठी काढली. "वास्तव्य संपलं म्हणून लिहायचं. कारण दोनच चालतात, मृत्यू नाहीतर स्थलांतर. मृत्यू टाका, सोपं पडतं. स्थलांतराला नवीन पत्ता द्यावा लागतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ती चिठ्ठी घेऊन गेले. अंगणात फळी टाकलेली होती आणि तिचा नवरा खुर्चीत, डोकं मागे टाकून बसला होता. ऊन केव्हाच घरामागे गेलं होतं, तरी तो आत गेला नव्हता. नाकाचा शेंडा उन्हाने सोललेला. मला बघून त्याने हात वर केला.

आत सगळं शांत होतं. "एकदा पेटव," मी तिला म्हटलं. "मला ऐकू दे." तिने नाराजीने काडी ओढली.

टक. मग फरपट. टक, फरपट, टक, फरपट, इतक्या घाईने की ऐकणाऱ्याला धाप लागावी. ती माझ्या अगदी जवळून गेली. ओल्या साबणाचा वास आला. दार लावलेलं होतं. ते कमरेच्या उंचीवर हादरायला लागलं. मी धावत जाऊन दार सताड उघडलं. बाहेर अंगण, कुंपण, रस्ता, सगळं लख्ख दिसत होतं. तरी काठी चौकटीवर आपटतच राहिली, आणि तिच्या मागे मला श्वास ऐकू आला, रडण्याआधी माणूस घेतं तसा. नाही, असं मी लिहिलं होतं. स्वतः बाहेर पडू शकत नाही. ती माझा शब्द पाळत होती.

"बंद कर," मी ओरडले. गॅस बंद झाला. आवाज थांबला, धाप मात्र जरा वेळ चालू राहिली.

मी अंगणात येऊन गुडघ्यावर चिठ्ठी ठेवली. एक शब्द लिहायचा होता. तो लिहिला की आत शांतता, ओट्यावर गरम जेवण, या दोघांना कायमचं घर. मी पहिलं अक्षर लिहिलंही. आत काठी एकदाच वाजली, अगदी हळू, उंबऱ्याजवळ. जणू ती वाकून बघत होती.

"काय लिहिताय, ताई?" खुर्चीतून त्याने विचारलं.

मी सांगितलं.

"मेलेली नाही हो ती," तो म्हणाला. "घाबरलेली आहे. एवढ्यासाठी कोणी कोणाला मारतं का?"

त्याची बायको दारात उभी होती. तिने आठ दिवस गरम घास खाल्ला नव्हता, तिला बोलायचा हक्क होता, आणि ती बोलली नाही. मी लिहिलेलं अक्षर खोडलं. स्थलांतर असं लिहिलं आणि खाली नवीन पत्ता म्हणून माझा पत्ता घातला. दुसऱ्या कोणाचा घालणार? मी एकटी राहते. विचारायला घरात कोणी नव्हतं.

मग मी उंबऱ्याशी उभी राहिले आणि डावा हात पुढे केला. आपण किती मूर्ख दिसतोय याचीही मला भीती वाटत होती. "चला, मावशी," मी म्हटलं. "मी धरते."

बराच वेळ काही झालं नाही. मग माझ्या दंडावर वजन आलं. हलकं नव्हतं. बोटं गार होती आणि त्यांनी माझी बाही घट्ट मुठीत धरली. आम्ही उंबरा ओलांडला. एक पाऊल, थांबायचं, दुसरं पाऊल. खुर्चीजवळून जाताना त्याने आपले हात जोडले आणि खुर्चीचं चाक जरा मागे घेतलं, आम्हाला वाट देण्यासाठी. गाडीचं मागचं दार मी उघडलं, वजन आत सरकलं, गाडी थोडी दबली. मी दार लावलं. मागे घरातून काडी ओढल्याचा आवाज आला आणि मी कान देऊन ऐकत राहिले. काहीच वाजलं नाही. थोड्या वेळाने कांदा परतल्याचा वास आला, आणि त्या बाईच्या रडण्याचा आवाज. सुखाने रडत होती, एवढं मला कळतं.

घरी येऊन मी चहा टाकायला गेले आणि लायटर उचलताच माझ्या पाठीमागे काठी धावली. मी लायटर खाली ठेवला. जिन्याकडचं दार उघडलं, एक खुर्ची बाहेर ठेवली, हात धरून तिला तिथे नेऊन बसवलं आणि मग गॅस पेटवला. तेव्हापासून माझ्याकडे असंच चालतं. सकाळी, संध्याकाळी. शेजारीण विचारते, दार उघडं टाकून कसा हो स्वयंपाक करता, मांजर येईल. मी म्हणते, कोंडल्यासारखं होतं मला. चहा मात्र मी आता दोन कप करते. दुसरा कप तसाच राहतो, पण बाहेर खुर्चीजवळ ठेवला तर परत आणताना कपाचा कान गरम लागतो, कोणीतरी बोटं शेकून घेतल्यासारखा.

तिची भीती मला आता वाटत नाही. ती बासष्टची आहे आणि बासष्टचीच राहणार, कारण कागदावर तेवढंच वय आहे. मी पुढल्या महिन्यात सत्तावन्न पुरी करीन. गेल्या आठवड्यात मला ताप आला होता आणि दोन दिवस उठता आलं नाही. तेव्हा खालच्या मजल्यावर कोणाचं तरी दूध उतू जाऊन करपलं, वास वर आला, आणि ती दारापर्यंत गेली आणि ठोठावत राहिली. मी अंथरुणातून हाका मारत होते, "आले, मावशी, आले," आणि मला उठता येत नव्हतं. वास गेल्यावरच ती थांबली. माझ्यामागे तिचा हात कोण धरणार, या विचाराने मला आता रात्र रात्र झोप लागत नाही.